गाऊन घालूनच आत या: लास वेगासचं हार्ट अटॅक ग्रिल

फ्राइजसाठी जा. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं सांगायला जरा वेळ लागणार आहे आणि मध्येच कुणाला कंटाळा आला तर निदान कामाची गोष्ट हुकायला नको.

जागा लास वेगासमधली. मोठमोठ्या हॉटेलांच्या त्या झगमगीत स्ट्रिपवर नाही, जुन्या डाउनटाउनमध्ये, फ्रीमाँट स्ट्रीटवर. निओनोपोलिस नावाची इमारत आहे, तिथे. नाव हार्ट अटॅक ग्रिल. आणि मी पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीसीयूत, म्हणजे हृदयरोग्यांच्या अतिदक्षता विभागात, उभी हयात काढून निवृत्त झालेली सिस्टर. सध्या मुक्काम लेकीकडे, फिनिक्सला. वेगासला जायचं ठरलं तेव्हा जावई म्हणाला, "आई, यावेळी तुम्हाला तुमच्या माहेरी नेतो." मला वाटलं, एखादं चर्च दाखवतोय. आम्ही नगरचे ख्रिस्ती. त्याने फोनवर फोटो दाखवला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या पोरी, सलाईनचे स्टँड, गाऊन घातलेली गिऱ्हाइकं आणि टेबलावर वीतभर उंचीचा बर्गर. माहेरच म्हणायचं.

फिनिक्सहून गाडीने पाचेक तास लागतात. वाटेत हूवर धरण लागतं, ते पाहिलं. धरण चांगलं आहे.

फ्रीमाँट स्ट्रीटच्या डोक्यावर दिव्यांचं भलंमोठं छत आहे. ते जिथे संपतं तिथे रस्ता ओलांडला की डाव्या-उजव्या हाताला शोधावं लागत नाही, गर्दीच दाखवते. लोक बर्गरसाठी थांबलेले नसतात, वजनकाट्यासाठी थांबलेले असतात. दाराशी, रस्त्याकडे तोंड करून, माणूस उभा राहील एवढा काटा ठेवलाय आणि आकडा वर मोठ्या अक्षरांत झळकतो. ३५० पौंडांच्या वर वजन भरलं तर बर्गर फुकट. म्हणजे आपल्या हिशोबाने १५९ किलोच्या आसपास. फुकट खाणाऱ्याला पार्सल नाही, दुसऱ्याला वाटून देणं नाही, आणि काट्यावर चढल्याशिवाय काही नाही.

या काट्यापाशी मी बराच वेळ उभी होते. जावयाला वाटलं मला उन्हाचा त्रास होतोय. तसं नव्हतं. वॉर्डात वजन करणं हे माझं रोजचं पहाटेचं काम होतं. हार्ट फेल्युअरच्या पेशंटचं वजन रोज एकाच वेळी करायचं असतं, सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याच्या आधी. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, अंगात साठलेलं पाणी असतं, आणि मग डॉक्टर लघवीच्या गोळीचा डोस वाढवतात. हे वजन आम्ही पडदा ओढून करायचो. आकडा मोठ्याने वाचायचा नाही, चार्टवर लिहायचा, असं मी नव्या पोरींना शिकवलंय. इथे एक अगडबंब माणूस काट्यावर चढला, आकडा ३५०च्या वर गेला आणि सगळ्या रस्त्याने टाळ्या वाजवल्या. त्यानेही दोन्ही हात वर केले, खूश होता, मग आपण कोण रडणार? पण त्याच्या मागोमाग एक बाई आल्या, आकडा कुठे झळकतो ते वर पाहिलं, आणि काट्याला वळसा घालून आत गेल्या. त्या फुकटात बसल्या असत्या असं मला वाटत नाही. तरी वळसा घातला.

दाराजवळ पाटी आहे की ही जागा तुमच्या तब्येतीला वाईट आहे. ब्रीदवाक्यही तसंच, ज्या चवीसाठी मरावं अशी चव. लपवाछपवी नाही.

आत शिरताच गाऊन देतात. तो घातल्याशिवाय ऑर्डर घेत नाहीत. आपल्या कपड्यांवरूनच घालायचा, त्यामुळे लाजण्यासारखं काही नाही, पण बांधायच्या नाड्या मागेच. लेक आणि जावई दोघं एकमेकांच्या पाठीशी झटापट करत होते. मी दोघांनाही वळवलं आणि बांधून दिल्या. सरकगाठ मारायची, एक टोक लांब सोडायचं, म्हणजे घाईत एका हाताने ओढली की सुटते. आमच्याकडे घाई कशाची असते ते सांगायला नको. नर्सच्या वेशातली जी मुलगी आम्हाला टेबल द्यायला आली होती, ती बघत राहिली. म्हणाली, तुम्ही हे आधी केलंय. म्हटलं, बाई, तुझ्या वयाइतकी वर्षं केलंय.

मग मनगटाला पट्टी बांधतात, तीवर तुम्ही काय मागवलंय ते लिहिलेलं. ही गोष्ट मला मनापासून आवडली. आयडी बँड हा कुणालाच न आवडणारा, पण सगळ्यांत महत्त्वाचा प्रकार. एकाच आडनावाचे दोन पाटील शेजारशेजारच्या कॉटवर आले की कळतं.

थोडं मालकाविषयी. जॉन बॅसो हे त्याचं नाव, पांढरा कोट आणि गळ्यात स्टेथोस्कोप घालून स्वतःला 'डॉक्टर जॉन' म्हणवतो. डॉक्टर नाही. मूळचा धंदा वजन कमी करण्याचा आणि व्यायामाचा. फिटनेस स्टुडिओच्या मार्केटिंगवर लिहिताना त्याच्या लक्षात आलं की पथ्यावरची माणसं चोरून काय काय खातात याच्या गोष्टी फार रंगवून सांगतात. तिथून ही कल्पना. पहिलं दुकान २००५ साली अ‍ॅरिझोनातल्या टेम्पीला निघालं, म्हणजे आमच्या लेकीच्या घरापासून जवळच. मध्ये डॅलसला थोडे दिवस चाललं, आणि २०११च्या ऑक्टोबरपासून वेगास. अ‍ॅरिझोनात असतानाच २००६ साली तिथल्या नर्सिंगवाल्यांनी हरकत घेतली, की परवाना नसलेल्या बाईला नर्स म्हणणं कायद्यात बसत नाही. याने काय करावं? वेबसाइटवर प्रत्येक 'नर्स'शेजारी एक तारा काढला आणि खाली लिहिलं की या मुलींना वैद्यकीय शिक्षण नाही. तक्रार करणाऱ्यांनी त्याची फुकट जाहिरात केली असं लेक म्हणते. असेल. मी त्या वेळी टेम्पीत असते तर मीही सही केली असती.

कारण तो वेश. टोपी, पांढरा तोकडा झगा, लाल पट्ट्या. आमच्या पिढीच्या सिस्टरला या टोपीवरून रस्त्यात, बसमध्ये, रात्रपाळीहून परतताना काय काय ऐकावं लागलंय ते आमचं आम्हाला माहीत. त्यामुळे मी कपाळाला आठी घालूनच बसले होते. पण आमची ऑर्डर घ्यायला आलेल्या मुलीच्या पायांकडे लक्ष गेलं. झगा नाटकातला, पण बूट कामाचे होते. काळे, जाड तळव्याचे, न घसरणारे, टाचेकडून झिजलेले. मी शिफ्ट किती तासांची असते विचारलं. ती हसली आणि म्हणाली, ते महिन्याच्या शेवटावर अवलंबून. एकाच वेळी सहा टेबलं सांभाळत होती आणि एकाही टेबलावरचा ग्लास रिकामा राहू देत नव्हती. आठी गेली. कपडे ठरवणारा वेगळा असतो आणि ते घालून राबणारी वेगळी.

आता खाणं.

बर्गरांची नावं बायपासवर आहेत. सिंगल बायपास, डबल बायपास, ट्रिपल, क्वाड्रुपल आणि पुढे थेट ऑक्टुपलपर्यंत. प्रत्येक पॅटी (बीफच्या खिम्याची टिक्की) अर्ध्या पौंडाची, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमहून जरा जास्त. सिंगलमध्ये एक, डबलमध्ये दोन, आणि आठापर्यंत असंच. हवं तर बेकन वाढवून घ्यायचं, म्हणजे डुकराच्या मांसाच्या खारवलेल्या कुरकुरीत पट्ट्या. चार पॅट्यांच्या क्वाड्रुपलचा आकडा हे लोक अभिमानाने सांगतात, ९,९८२ कॅलरी. आमची डाएटिशियन चालत्याफिरत्या माणसाला दिवसाला २,००० लिहून द्यायची. म्हणजे पाच दिवसांचं एका बैठकीत, आणि बरोबर फ्राइज आहेतच.

जाता जाता, खऱ्या बायपासमध्ये हा आकडा म्हणजे किती ठिकाणी नवी वाट जोडली तो असतो. पायाची शीर काढून किंवा छातीच्या आतली धमनी वळवून अडथळ्याच्या पुढे जोडतात. माणसं बरी होऊन वॉर्डात आली की त्यावरून बढाया मारतात. "तुमची किती? तीन? माझी पाच." दोन दिवसांपूर्वी व्हेंटिलेटरवर असलेली माणसं. त्यामुळे इथल्या मेनूतला विनोद मला परका वाटला नाही, तो आमच्याच वॉर्डातून उचललेला आहे. आयसीसीयूत कुणी हसत नाही असं समजू नका. रात्री तीन वाजता तिथे जेवढं हसतात तेवढं लग्नघरातसुद्धा हसत नाहीत.

मी सिंगल घेतला, लेकीनेही. जावयाने डबल, बेकनसकट. जावई साताऱ्याचा आहे, अमेरिकेत आल्यावर बीफ खायला लागला आणि गावी ते कुणाला माहीत नाही, म्हणून इथे त्याचं नाव लिहीत नाही. माझं तसं नाही. नगरला आमच्या घरी रविवारी चर्चहून आलं की मोठ्याचं मटण काळ्या मसाल्यात शिजत असायचं. महाराष्ट्रात गाय आधीपासूनच बंद होती, २०१५च्या कायद्यापासून बैलही बंद, म्हशी-रेड्याचं तेवढं मिळतं. ते मांस कमी चरबीचं आणि चिवट, तासन् तास शिजवावं लागतं. बर्गरचं गणित बरोबर उलटं. इथे खिम्यात मुद्दाम चरबी ठेवतात, साधारण पाचवा हिस्सा, आणि खिमा जास्त मळत नाहीत. भाजताना चरबी वितळते, पॅटीच्या फटींमध्ये फिरते, आणि म्हणून इतकं जाड मांस मसाल्याशिवाय, शिट्टीशिवाय, पंधरा मिनिटांत तोंडात विरघळण्याजोगं होतं. सध्या फॅशनमध्ये असलेला स्मॅश बर्गर वेगळा. त्यात गोळा तव्यावर दाबून पातळ करतात, कडा जाळीदार कुरकुरीत होतात. इथला जुन्या पद्धतीचा, जाडजूड, वरून काळपट आणि आत रसरशीत.

वर चीज, टोमॅटोची चकती आणि कांदा. पालापाचोळा नाही. कांदा डुकराच्या चरबीत परतलेला असतो, इथे तिला लार्ड म्हणतात. तपकिरी, गोडसर, अगदी मऊ. बर्गरमधला सगळ्यांत चांगला भाग मला हा कांदा वाटला. मांसाची चव म्हणाल तर सरळ आहे, मीठ आणि धूर. आपल्या जिभेला पहिल्या चार घासांत फार छान वाटतं, आठव्या घासाला आपण हिरव्या मिरचीची वाट बघायला लागतो. मिरची येत नाही. माझ्या पर्समध्ये नगरहून आणलेल्या लसणाच्या चटणीची पुडी होती. आहे ते सांगते, मी ती काढली. लेकीने टेबलाखालून पाय मारला. चटणी घातल्यावर मात्र तो बर्गर अंगाला लागला. पाव मऊ आहे आणि खालून चरबी पितो, तेव्हा गप्पा नंतर मारा, आधी खा.

मी बारा-पंधरा मिनिटांत संपवला. यात पराक्रम नाही. राउंड आणि ऍडमिशनच्या मध्ये डबा संपवायची सवय लागलेली बाई कसलाही पदार्थ एवढ्याच वेळात संपवते. लेक माझ्या मागोमाग.

आणि फ्राइज. मेनूवर नाव आहे फ्लॅटलाइनर फ्राइज. त्या शुद्ध लार्डमध्ये तळतात. अमेरिकेत पूर्वी मोठ्या साखळ्यासुद्धा प्राण्यांच्या चरबीतच तळायच्या. मॅकडोनाल्ड्सने गाईच्या चरबीतलं तळण १९९० साली बंद करून वनस्पती तेल घेतलं, आणि ज्यांनी आधीच्या फ्राइज खाल्ल्यात ते अजून हळहळतात, असं लेकीचे शेजारी सांगतात. त्या काय होत्या याचा अंदाज इथे येतो. बाहेरून कडक, पण तेलात तळल्यावर येतो तो कोरडा कडकपणा नव्हे. चावल्यावर आधी कुरकुर आणि मग एकदम बटाटा. गार झाल्या तरी चामट होत नाहीत. थोडी गोडसर, मांसाहारी अशी एक चव मागे रेंगाळते. ती मला पोर्क चॉपच्या कडेला असते त्या पांढऱ्या पट्टीची वाटली, जी सगळे ताटात बाजूला काढतात आणि मी खाते. आम्ही दुसऱ्यांदा मागवल्या. त्या वेळी चटणी पर्समध्येच राहिली, गरज नव्हती.

फ्लॅटलाइन या नावावरून एक सांगते, कारण सिनेमांनी सगळ्यांची डोकी बिघडवली आहेत. मॉनिटरवर सरळ रेघ आली की कुणी शॉक देत नाही. सरळ रेघेला शॉक चालतच नाही. छाती दाबत राहायची आणि अ‍ॅड्रिनालिन द्यायचं. शॉक लागतो तो हृदय वेडंवाकडं थरथरत असताना. हे मी टेबलावर सांगायला लागले तेव्हा जावई फ्राइज खात होता. तो थांबला नाही. चांगल्या फ्राइजची दुसरी काय पावती?

पिण्याचे प्रकार. डाएट कोला मिळत नाही, उसाच्या साखरेचा मिळतो. वाइन सलाईनच्या पिशवीतून देतात, शेजारी स्टँड, नळी तोंडात धरायची. मी हसले, पण माझा हात आपोआप नळीवरच्या चाकाकडे गेला, थेंब मोजायला. जेलीतली दारू सिरिंजमधून. मिल्कशेकमध्ये जगात सगळ्यांत जास्त बटरफॅट, म्हणजे लोण्यातली चरबी, असल्याचा त्यांचा दावा आहे. तपासायला आम्ही एक तिघांत घेतला. चमचा उभा राहतो, आणि दोन घोटांनंतर बोलणं जड होतं. बर्गरबरोबर घेऊ नका. घ्यायचाच तर बर्गरऐवजी घ्या. शाकाहारी माणसाने इथे का यावं हे मला सुचत नाही, फ्राइजसुद्धा चालणार नाहीत. उपाशीपोटी मौज बघायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

मौजेचा मुख्य भाग आता येतो. बर्गर संपवला नाही तर फटके. खरंच. भर हॉलमध्ये उभं करून, सगळ्यांच्या देखत, नर्सच्या वेशातली मुलगी लाकडी फळीने ढुंगणावर फटके देते. आवाज स्वयंपाकघरापर्यंत जात असणार. आधी शेजारच्या टेबलावरचा एक आडदांड कॉलेजकुमार गेला, त्याचे मित्र शूटिंग करत होते, पहिल्या फटक्याला त्याचं हसू गेलं आणि परत आलं. मग आमच्या टेबलाची पाळी. डबल बायपासमधला पाव हिस्सा जावयाच्या ताटात तसाच होता.

आता, जावई म्हणजे काय ते वाचणाऱ्यांना सांगायला नको. आमच्यात धोंड्याचा महिना नसतो, पण त्यांच्यात असतो, म्हणून विहीणबाईंना बरं वाटावं यासाठी मी मागच्या अधिक महिन्यात अनारसे आणि चांदीचं निरांजन स्वतः नेऊन दिलं होतं. तो हा जावई, पाठमोरा वाकलेला, गाऊनच्या नाड्या मी बांधलेल्या, आणि समोर फळी घेतलेली मुलगी माझ्याकडे बघून विचारतेय की या याच्या कोण. लेकीने सांगितलं, सासूबाई. सगळा हॉल ओरडला. मुलीने फळी माझ्यापुढे धरली. मी नम्रपणे नकार दिला. हात गेला होता, खोटं कशाला बोलू, पण साताऱ्यात तोंड दाखवायचंय मला.

फटके सणसणीत असतात. पाठीच्या मणक्याचं दुखणं असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर या खेळात पडू नका. सिंगल घ्या, संपवा आणि टाळ्या वाजवा. ट्रिपल किंवा त्यापुढचा संपवणाऱ्याला मात्र व्हीलचेअरवर बसवून बाहेर सोडतात. चेअर नेणाऱ्या मुलीने आधी ब्रेक काढला, मग पाय ठेवायच्या पट्ट्या खाली केल्या. बरोबर उलटं करायचं असतं. पट्ट्या आधी, ब्रेक शेवटी.

इथवर मजा. पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही, आणि ती मी पाहिलेली नाही, सगळ्या जगाच्या बातम्यांत येऊन गेलेली आहे. २०१२च्या फेब्रुवारीत याच दुकानात एका माणसाला ट्रिपल बायपास बर्गर खाताना त्रास सुरू झाला. घाम, थरथर, बोलता येईना. आजूबाजूच्या लोकांना वाटलं की हा कार्यक्रमाचाच भाग आहे, आणि ते फोटो काढू लागले. त्याला बाहेर स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. माझ्या नोकरीत मी पाहिलेली सगळ्यांत वाईट गोष्ट म्हणजे मरण नव्हे, वाया गेलेला वेळ. 'गॅस असेल' म्हणून सोडा पीत बसलेले, सकाळ व्हायची वाट बघणारे, पोराला झोपेतून कशाला उठवा म्हणणारे. दुखायला लागल्यापासून आमच्या दारात येईपर्यंतचा वेळ आम्ही चार्टवर लिहायचो आणि त्या आकड्यावरून पुढचं बरंचसं ठरलेलं असायचं. जिथे सगळेच पेशंटचे कपडे घालून बसलेत तिथे खरा पेशंट ओळखायचा कसा? मालकाच्या मेनूवर, पाटीवर, काट्यावर माझा राग नाही. या एका गोष्टीचं उत्तर मात्र मला त्या हॉलमध्ये कुठे दिसलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी, २०१३ला, रोज इथे येणारा एक माणूस याच दुकानासमोरच्या बसस्टॉपवर कोसळला आणि गेला. पगार न घेता तो या दुकानाचा चेहरा झाला होता, त्याचं चित्र मेनूवर असायचं. बॅसोने हे लपवलं नाही. उलट तो स्वतःच मुलाखती देऊन सांगतो की माझं खाणं वाईट आहे, खाऊ नका. लोक हसतात आणि रांगेत उभे राहतात.

बरं, एका बर्गरने हार्ट अटॅक येतो का? शिरांमधला थर वर्षानुवर्षं साठतो, एका जेवणाने नाही. पण आधीच थर असलेल्या माणसाने एकदम पोट फुटेस्तोवर खाल्लं की पुढचे दोनेक तास हृदयावर ताण येतो. जास्त रक्त पचनाकडे धावतं, नाडी वाढते, दाब वाढतो. दिवाळीत, लग्नसराईत आमच्या कॉटा उगाच भरायच्या नाहीत. आणि आपल्याकडे चाळिशीतला पेशंट नवीन नाही, पस्तिशीतलेही पाहिलेत. सडसडीत, निर्व्यसनी, 'मला काय होतंय' म्हणणारे. हृदयाला ओळख-पाळख लागत नाही. डॉ. नीतू मांडक्यांसारखा सर्जन, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची हृदयं दुरुस्त केली, तो २००३ साली हार्ट अटॅकनेच गेला.

जाणार असाल तर काही कामाच्या गोष्टी. आम्ही गेलो तेव्हा फक्त रोख चालत होती, कार्ड नाही, तेव्हा नोटा घेऊन जा. दुपारी चारच्या सुमारास जा, रात्री फ्रीमाँट स्ट्रीटवर मुंगीला वाट मिळत नाही. त्या दिवशी दुसरं काही खायचा बेत ठेवू नका. लहान मुलांना नेऊ नका असं मी सांगेन, खाण्यामुळे नव्हे, फळीमुळे. निघताना गाऊन काढून ठेवायचा असतो, घडी करत बसू नका. मी केली आणि ती बूटवाली मुलगी हसायला लागली. टीप नीट द्या, ती त्या मुलींच्या पायांची किंमत आहे. नंतर छताखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला, हळू, आणि चढावर जाऊ नका. छातीत, डाव्या हातात, जबड्यात काही वाटलं तर फोटो काढणाऱ्यांकडे बघत बसू नका, ९११ हा तिथला आणीबाणीचा नंबर लावा.

खर्च वेगासच्या मानाने फार नाही. पुन्हा जाईन का? एकटी गेले तर फक्त फ्राइज आणि कांदा, तो वेगळा देतील का ते विचारेन. जावयाला पुढच्या वेळी ट्रिपल घ्यायचाय, व्हीलचेअरवरून बाहेर यायचंय म्हणे. आधी उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करून रिपोर्ट माझ्या हातात दे, मग बघू, असं मी सांगितलंय. रक्त देऊन आलाय असं लेक सांगते. रिपोर्ट अजून मला दाखवलेला नाही.